बर्नर साफ केला की आठ दिवस ठीक, मग पुन्हा पिवळी ज्योत

हॉटेलच्या भट्ट्या, हूड (भट्टीवरचा धूर ओढणारा पत्र्याचा टोप) आणि डक्ट (तो धूर बाहेर नेणारी पत्र्याची नळी) यांची कामं करणाऱ्याला सगळ्यात जास्त येणारा फोन कुठला, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन. "दादा, परवा बर्नर साफ करून गेलात ना? तो परत पिवळा जळतोय." त्याच्या मागोमाग ठरलेल्या तक्रारी. पातेल्यांची बुडं काळी, गॅस पुरत नाही, पोरांचे डोळे चुरचुरतात. पहिला संशय मेकॅनिकवर, दुसरा गॅस एजन्सीवर. या दोघांना मी कायम निर्दोष म्हणणार नाही, पण दर आठ-दहा दिवसांनी तीच तक्रार परत येत असेल तर भट्टीत हात घालण्याआधी खोलीकडे बघा. पंखा, दार, खिडकी, आणि हवा आत यायची वाट.

ज्या कामावरून मी हे शिकलो तेच सांगतो. त्यात एक चूक माझीही आहे.

पुण्यात एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर सकाळी मिसळ आणि दुपारी थाळी देणारं हॉटेल. स्वयंपाकघर ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उंची ३ मीटर. एका भिंतीला ओळीने तीन भट्ट्या, तळणाची कढई आणि मोठा तवा, त्यांच्यावर हूड. मागच्या बोळकांडीत भांडी घासायच्या पाण्यासाठी गॅस गीझर. सकाळी सहाला भट्टी पेटली की ज्योत निळी, आखूड, ठणठणीत. अकरापर्यंत काही तक्रार नाही. साडेबाराला थाळीची गर्दी सुरू झाली की ज्योत मऊ पडायची, लांबट व्हायची, टोकं पिवळी. वस्ताद तीनच्या सुमाराला डोकं धरून बसायचे, मळमळतंय म्हणायचे आणि पित्ताची गोळी घ्यायचे. सोमवारी हॉटेल बंद. सोमवारी पित्त नाही.

ही शेवटची गोष्ट वर्षभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि कुणालाच दिसली नाही. मलाही नाही.

आधी जिवाचं

गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतं, म्हणून थोडा वायूसुद्धा तासन्‌तास श्वासात गेला तर साठत जातो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, पायात जोर नसणं ही लक्षणं. आपल्याकडे या सगळ्याला एकच नाव आहे, पित्त. म्हणून स्वयंपाकघरात एकाच वेळी दोघा-तिघांना "पित्त" होत असेल, बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरं वाटत असेल, सुट्टीच्या दिवशी अजिबात होत नसेल, तर पुढे काही वाचत बसू नका. गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. कुणी झोपाळल्यासारखं किंवा बरळल्यासारखं करत असेल तर थेट दवाखाना, आणि डॉक्टरांना "गॅसच्या भट्टीवर होता" हे आवर्जून सांगा, नाहीतर तिथेही पित्ताचंच औषध मिळेल.

गळतीचा वास येत असेल तर ती वेगळी भानगड आहे. तेव्हा कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. एक्झॉस्टचंसुद्धा नाही. सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दार उघडायचं, बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावायचा. या लेखातल्या चाचण्या वास नसतानाच करायच्या.

बर्नर आजारी की खोली आजारी

हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही, घड्याळ लागतं. ज्योत कधीपासून पिवळी आहे?

भट्टी पेटवल्या क्षणापासून, सकाळी, दारं उघडी असतानाही पिवळी असेल तर दोष बर्नरचा. बुंध्याशी हवा आत घेणाऱ्या चकतीवर पिठाचा आणि तेलाचा थर बसलेला असतो, मिक्सिंग ट्यूबमध्ये, म्हणजे गॅस आणि हवा मिसळणाऱ्या नळीत, झुरळाचं किंवा कोळ्याचं घर असतं, नाहीतर कुणीतरी जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, साफ करताना त्यात दाभण फिरवून भोक मोठं करून ठेवलेलं असतं. हा आपल्याकडचा लाडका उद्योग आहे. भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, ज्योत पिवळी होते, आणि मालकाला वाटतं आच वाढली. असा जेट बदलायचा, कोरायचा नाही. पाइपगॅससाठी जेटचं भोक मोठं लागतं आणि सिलेंडरसाठी बारीक. पाइपगॅसवर चालणारी जुनी भट्टी स्वस्तात घेऊन सिलेंडरला जोडली तर ती पहिल्या मिनिटापासून हातभर पिवळी ज्योत टाकते. तिथे साफसफाईचा काहीही उपयोग नाही.

ज्योत निळीच आहे पण गर्दीच्या वेळी बारीक होते, सिलेंडरच्या अंगाला घाम किंवा बर्फ दिसतो, तर दोष गॅसच्या पुरवठ्याचा. एकाच सिलेंडरमधून खूप गॅस ओढला की आतला द्रव गार पडतो आणि दाब उतरतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हे जास्त होतं. त्याला उपाय म्हणजे मॅनिफोल्डला, म्हणजे अनेक सिलेंडर एकत्र जोडणाऱ्या पाइपला, आणखी सिलेंडर जोडणं. सिलेंडर गरम पाण्याच्या घमेल्यात उभा करणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, काम न घेता निघून येतो.

आणि ज्योत सकाळी निळी, तास-दोन तासांनी मऊ, लांब, वाऱ्यावर हलल्यासारखी, टोकाला पिवळी, असं असेल तर खोलीला हवा पुरत नाही. खात्री करायची असेल तर ऐन गर्दीत, एक्झॉस्ट चालू ठेवून, मागचं दार दहा मिनिटं सताड उघडा. ज्योत सावरली तर निदान झालं. मग बर्नर कितीही वेळा उघडला तरी फरक पडणार नाही.

एक बारीक गोष्ट. निळ्या ज्योतीत मध्येच नारिंगी ठिणग्या दिसतात त्या बहुतेक वेळा मिठाच्या किंवा धुळीच्या असतात. त्यांना घाबरायचं कारण नाही. काजळी धरते ती ज्योत वेगळी. पातेल्याच्या बुडावर बोट फिरवलं की कळतं.

मग आठ दिवस ठीक का चालतं?

हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. दोष खोलीचा असेल तर बर्नर साफ केल्यावर काही दिवस तरी फरक का पडावा?

उत्तर तेलात आहे. हूड नीट ओढत नसेल तर तळणाचं बारीक तेल, बेसनाची भुकटी आणि मसाल्याचा खाट खोलीतच तरंगत राहतो. भट्टीला जळण्यासाठी हवा लागते ती बुंध्याशी असलेल्या चकतीतून, आणि तीच हवा ती आत घेते. तेल आणि पीठ मिळून चकतीवर डिंकासारखा थर बसतो. आठ दिवसांत भोकं निम्मी होतात. म्हणजे खोली बर्नरला आजारी पाडते, आजारी बर्नर आणखी काजळी सोडतो, ती हूडच्या फिल्टरवर बसते, हूड आणखी कमी ओढतो. मेकॅनिक येऊन या चक्रातला एकच दात साफ करून जातो. चक्र फिरत राहतं.

त्या हॉटेलात माझ्या आधी दोघं येऊन गेले होते. एकाने जेट साफ केले, दुसऱ्याने रेग्युलेटर बदलला. मी गेलो आणि बघितलं की हूडखालून धूर बाहेर लोळतोय. मी काय केलं? मोठा ब्लोअर, म्हणजे डक्टमधून हवा ओढणारा जोरकस पंखा, बसवला. मालकांना म्हणालो, "काका, आता बघा."

बघितलं. पहिल्याच दुपारी स्वयंपाकघराचं दार उघडेना. वाढपी पोरगं खांद्याने ढकलून आत यायचं आणि दार त्याच्या मागे तोफेसारखं आपटायचं. बाथरूमचा, मोरीचा वास थाळीच्या हॉलमध्ये यायला लागला. ज्योत होती तशीच, थोडी वाईटच. आणि चौथ्या दिवशी बोळकांडीतल्या गीझरच्या पत्र्यावर वरच्या बाजूला काळा ओघळ दिसला. गीझरच्या धुराड्यातून जो धूर वर जायला हवा होता तो उलटा खाली येत होता, कारण माझा नवा ब्लोअर जिथून मिळेल तिथून हवा ओढत होता. दाराच्या फटीतून, मोरीतून आणि गीझरच्या धुराड्यातून. बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. त्याच जातीचा धूर मी पैसे घेऊन भांडी घासणाऱ्या मावशींच्या अंगावर सोडला होता. गीझर त्याच दिवशी बंद करायला लावला.

हिशोब, जो मी आधी करायला हवा होता

हूड ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद. म्हणजे तोंड ३.६ चौरस मीटर. साध्या हूडच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला पाव ते अर्धा मीटर धरतात. इडली-भाताच्या वाफेला पाव पुरतो, तळण आणि तव्याला त्याहून जास्त. मधला ०.३५ धरला तर सेकंदाला १.२६ घनमीटर, तासाला साधारण ४,५०० घनमीटर, ब्लोअरवाल्यांच्या भाषेत २,७०० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास. खोली आहे ७२ घनमीटरची. याचा अर्थ दर मिनिटाला अख्ख्या खोलीतली हवा एकदा बाहेर जायला हवी.

बाहेर जायला हवी म्हणजे तेवढीच आत यायला हवी. इथेच सगळं अडतं. हॉलमध्ये एसी बसवला म्हणून मालकांनी स्वयंपाकघराला अॅल्युमिनियमचं पार्टिशन केलं होतं. माशा आणि उंदीर येतात म्हणून मागची खिडकी प्लायने बंद केली होती. उरली होती दाराखालची फट, ९० सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर उंच. त्या फटीतून १.२६ घनमीटर हवा यायची तर तिचा वेग ताशी ३३६ किलोमीटर लागेल. चक्रीवादळ थाळीच्या हॉलमधून जायला हवं. ते जात नाही, म्हणून ब्लोअर नुसता घरघरतो, मोटर तापते, विजेचं बिल येतं आणि धूर तिथेच राहतो.

दार का आपटतं तेही यातच आहे. खोलीच्या आत आणि बाहेर हवेच्या दाबात फक्त ३० पास्कलचा फरक पडला तरी २ मीटर उंच, ९० सेंटिमीटर रुंद दारावर साडेपाच किलोचा जोर बसतो. मुठीशी तो पावणेतीन किलोचा लागतो. हूडच्या कामात हा फरक ५ पास्कलच्या आत ठेवायचा असतो. त्यामुळे दार जड झालं असं वाढपी सांगायला लागला की सुताराला बोलावू नका.

आता जळण्याचा हिशोब. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते आणि त्यातून ३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड लिटरहून जास्त पाण्याची वाफ निघते. गर्दीच्या तासाला या भट्ट्या ३ किलो गॅस खात होत्या. म्हणजे तासाला ९ किलो कार्बन डायऑक्साइड, आकारमानाने ५ घनमीटर. ७२ घनमीटरच्या बंद खोलीत हवा बदललीच नाही तर दहा मिनिटांत त्याचं प्रमाण १ टक्क्याच्या वर जातं. बाहेरच्या मोकळ्या हवेत ते ०.०४ टक्के असतं. अर्थात कुठलीच खोली इतकी बंद नसते, पण दुपारी ज्योत का मऊ पडते आणि टाइल्सना का घाम फुटतो हे यावरून समजतं. तो घाम म्हणजे नुसती भाताची वाफ नाही. तीन किलो गॅसमधून तासाला पावणेपाच लिटर पाणी हवेत जातं.

घरच्या घरी तीन चाचण्या

दाराची चाचणी. सगळ्या भट्ट्या आणि एक्झॉस्ट चालू, दारं-खिडक्या रोजच्यासारख्या. दार चार बोटं उघडा आणि फटीत टिश्यूची पट्टी धरा. ती अलगद आत झुकली तर चांगलं, कारण स्वयंपाकघराचा वास हॉलमध्ये जाऊ नये एवढी ओढ हवीच. पट्टी आडवी होऊन फडफडली तर खोली हवेला भुकेली आहे.

उदबत्तीची चाचणी. गॅसचा वास नाही याची खात्री करून उदबत्ती हूडच्या कडेखाली धरा, आधी मधोमध, मग चारही कोपऱ्यांत. धूर हूडमध्ये शिरला पाहिजे. मध्ये शिरतो आणि कडेला बाहेर वळतो, हे दृश्य फार ठिकाणी दिसतं. हूड भट्ट्यांपेक्षा चारही बाजूंनी वीत-दीड वीत बाहेर यायला हवा. बरेच हूड भट्टीएवढेच बनवतात, कारण पत्रा वाचतो.

धुराड्याची चाचणी. गीझर, स्टीमर किंवा बॉयलरला स्वतःचं धुराडं असेल तर मोठा एक्झॉस्ट चालू असताना त्याच्या गळ्याशी उदबत्ती धरा. धूर वर गेला पाहिजे. बाहेर येत असेल तर तो गीझर त्याच क्षणी बंद. हूडचं काम पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल, पण याला एका दिवसाचीही मुदत नाही.

पंखा चालू आहे, पण ओढतोय का?

हवा आत यायची वाट असूनही धूर राहत असेल तर दोष बाहेर टाकणाऱ्या बाजूला. इथे मला सगळ्यात मजेशीर वाटतो तो उलटा फिरणारा ब्लोअर. थ्री-फेजचं काही काम झालं, वायरमनने दोन फेज अदलाबदल जोडले की मोटर उलटी फिरते. भिंतीतला साधा पंखा उलटा फिरला तर वारा तोंडावर येतो, लगेच कळतं. पण गोगलगाईच्या आकाराचा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा बाहेरच टाकतो, फक्त फार कमी. आवाज तोच, दिशा तीच, म्हणून महिनोन्‌महिने कुणाला संशय येत नाही. ब्लोअरच्या अंगावर बाण असतो. मोटर बंद करा आणि ती थांबता थांबता पंखा कुठे वळतोय ते बघा.

दुसरी चूक म्हणजे भिंतीत लावायचा एक्झॉस्ट पंखा डक्टला जोडणं. तो मोकळ्या भोकातून हवा छान टाकतो, पण पुढे फिल्टर, तीन कोपरे आणि दोन मजले डक्ट आली की त्याच्यात ढकलायची ताकद नसते. पाती फिरतात, हवा जागेवर घुसळते.

फिल्टरबद्दल थोडक्यात. आडव्या-उभ्या पन्हळींचे जे स्टीलचे फिल्टर असतात त्यांच्या पन्हळी उभ्या राहतील असेच बसवायचे, म्हणजे तेल ओघळून खालच्या पन्हाळ्यात पडतं. धुवून परत लावताना पोरं ते आडवे लावतात. मग तेल पन्हळीत साचतं आणि आग लागायला एक भडका पुरतो. तळण असेल तर रोज रात्री धुवायचे, नाहीतर दिवसाआड. बारीक जाळीचे फिल्टर तळणावर लावूच नयेत.

डक्टच्या वरच्या टोकाला पावसासाठी छत्री लावतात. ती इतकी खाली असते की हवा तिला आपटून परत वळते. कबुतरं घरटं करतात ते वेगळंच. आणि ज्या बोळात डक्टचं तोंड उघडतं त्याच बोळातून ताजी हवा आत घेत असाल, तर तुम्ही स्वतःचाच धूर पुन्हा विकत घेताय. दोन्हींत किमान ३ मीटरचं अंतर ठेवा, आणि धूर वरच्या दिशेने सोडा.

राहिला उभा पंखा. उन्हाळ्यात भट्टीपुढे ४० अंशांच्या वर उकडतं, म्हणून वस्ताद मागे उभा पंखा लावतात. मी त्यांना कसं सांगू की लावू नका? पण तो पंखा ज्योत वाकडी करतो, जळणं अर्धवट राहतं आणि हूडकडे निघालेला धूर पूर्ण खोलीत पसरतो. माणसाला वारा द्यायचाच असेल तर भट्टीच्या रेषेत नको. खांद्यामागून, हळू, ताजी हवा नळीने आणून द्या. तेच खरं औषध आहे, कारण मग माणसालाही हवा मिळते आणि भट्टीलाही.

त्या हॉटेलात शेवटी काय केलं

ब्लोअर तोच ठेवला, पुली बदलून वेग थोडा कमी केला. मागच्या खिडकीचं प्लाय काढून तिथे ९० बाय १२० सेंटिमीटरचा लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांचा झरोका, बसवला. पट्ट्या आणि जाळी वजा जाता निम्मी जागा मोकळी राहते, म्हणजे साधारण अर्धा चौरस मीटर. लागणाऱ्या हवेपैकी ८५ टक्के हवा तिथून सेकंदाला २ मीटरच्या वेगाने येते, उरलेली हॉलमधून. त्यामुळे वास हॉलकडे जात नाही. खिडकी भट्ट्यांच्या समोरच्या भिंतीत होती हे नशीब. ती हूडच्या बाजूला असती तर वाऱ्याने धूर ढवळला असता आणि मला नळी फिरवावी लागली असती.

गीझर बोळकांडीतून काढून बाहेर मोकळ्यावर नेला, वर पत्र्याचं छप्पर घातलं. गॅसच्या मुख्य लाइनवर विजेचा व्हॉल्व्ह बसवून तो ब्लोअरशी जोडला. ब्लोअर बंद, की गॅस बंद. ब्रिटनमध्ये हॉटेलच्या स्वयंपाकघरात ही जोडणी नेहमीची आहे. वस्तादांनी दोन दिवस शिव्या घातल्या, कारण वीज गेली की भाजी अर्धवट राहायची. मग मालकांनी ब्लोअर इन्व्हर्टरवर नाही, जनरेटरवर घेतला. वीज परत आली की व्हॉल्व्ह आपोआप उघडत नाही, हाताने बटण दाबावं लागतं. ही सोय मुद्दाम आहे. बर्नरच्या चाव्या उघड्या राहिल्या असतील तर न पेटलेला गॅस खोलीत भरू नये म्हणून.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म माणसाच्या नाकाच्या उंचीला, भट्टीपासून दूर लावला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार आठ तासांची सरासरी घनमीटरला १० मिलिग्रॅमच्या, म्हणजे सुमारे ९ पीपीएमच्या (दहा लाखात ९ भाग) वर जाऊ नये. इथे एक गैरसमज काढायला हवा. गॅसगळतीचा अलार्म आणि हा अलार्म वेगळे आहेत. गळतीचा अलार्म न जळलेला गॅस ओळखतो, अर्धवट जळलेल्याशी त्याला देणंघेणं नाही. शिवाय एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड, तो जमिनीलगत पसरतो, म्हणून गळतीचा अलार्म जमिनीपासून वीत-दीड वीत वर. पाइपगॅस हवेपेक्षा हलका, त्याचा अलार्म छताजवळ. मी छताला लावलेले एलपीजीचे अलार्म पाहिलेत. छान चमकतात.

सिलेंडरच्या खोलीलाही हाच नियम. झरोके जमिनीलगत हवेत, थेट बाहेर उघडणारे, गटारात किंवा तळघरात नाही. थंडी वाजते किंवा मांजर येतं म्हणून ते झरोके बुजवणं म्हणजे गळलेला गॅस खोलीत सांभाळून ठेवणं. हवेत साधारण २ टक्के एलपीजी झाला की ठिणगी पुरते.

महिनाभर सगळं छान. पातेली स्वच्छ, गॅस कमी लागतो म्हणून मालक खूश, वस्तादांचं पित्त गेलं. मग पाचव्या आठवड्यात फोन. "दादा, परत पिवळं जळतंय."

गेलो तर लूव्हरच्या आतली डासांची जाळी पिठाने आणि बोळातल्या धुळीने घोंगडीसारखी झालेली. हात लावला तर वारा लागत नव्हता. डासांची जाळी काढली, अर्ध्या सेंटिमीटरची उंदराची जाळी लावली, तिला बिजागरी दिली आणि फिल्टर धुणाऱ्या पोरालाच दर रविवारी ती ब्रशने साफ करायचं काम लावलं. सोबत एक सोपी खूण ठेवली. लूव्हरच्या पट्टीला पतंगाच्या कागदाची झिरमिळी बांधली. ब्लोअर चालू असताना ती आत उडत असली की ठीक. लोंबकळली की जाळी बघा.

पुढचा फोन जूनच्या शेवटी आला. या वेळी मी हत्यारांची पेटी घेतलीच नाही. पाऊस आत येतो म्हणून काकांनी लूव्हरला बाहेरून निळी ताडपत्री ठोकली होती. झिरमिळी लोंबकळत होती. मी ताडपत्री काढली, तिथे पुढे आलेलं पत्र्याचं झडपं लावायचं माप घेतलं, वस्तादांनी केलेला चहा घेतला आणि निघालो.

"बर्नर बघत नाही का?" काकांनी विचारलं.

"दार बघा आधी," मी म्हणालो. वाढपी पोरगं दोन्ही हातांत ताटं घेऊन कोपराने दार उघडून गेलं. दार आपटलं नाही.

"किती झाले?"

"ताडपत्रीचे? काही नाही. पत्र्याचे सांगतो उद्या."